व्याह्यांचे चार इंच

परतबघ्यांनी आपल्या व्याह्यांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांना वाटलं, दारात कुणीतरी कपाट आणून उभं केलंय. बाहेर लख्ख ऊन होतं आणि बैठकीच्या खोलीत एकाएकी अंधारून आलं. "अहो, दिवे गेले का?" बायकोने स्वयंपाकघरातून विचारलं. मग ते कपाट हललं, चौकटीतून आडवं होऊन आत शिरलं आणि म्हणालं, "नमस्कार! मी मुलाचा बाप!" त्या आवाजाने फडताळातल्या कपबशा एकमेकींना बिलगल्या. खिडकीत झोपलेलं मांजर उठून जे गेलं, ते मुलीचं लग्न पार पडेपर्यंत शेजाऱ्यांकडेच जेवलं. व्याही सोफ्यावर बसले. सोफा बिचारा काही बोलला नाही, पण परतबघ्यांचा कान आयुष्यभर गाड्यांखाली तयार झालेला. आतली डावीकडून दुसरी स्प्रिंग गेली, हे त्यांनी जागच्या जागी ओळखलं. हस्तांदोलनासाठी पुढे केलेला त्यांचा हात व्याह्यांच्या पंजात असा काही नाहीसा झाला, की परत मिळाल्यावर त्यांनी तो टेबलाखाली नेऊन बोटं मोजली.

"मुलगी आम्हाला पसंत आहे," व्याह्यांनी जाहीर केलं. मुलाने आणि मुलीने एकमेकांना केव्हाच पसंत करून टाकलं होतं, त्यामुळे या वाक्याला तसा अर्थ नव्हता. पण ते इतक्या मोठ्याने म्हटलं गेलं की 'नाही' म्हणायची खोलीतल्या कुणाचीच छाती झाली नसती. परतबघ्यांची तर त्या दिवसापासून पुढेही कधी झाली नाही.

परतबघे हे त्यांचं खरं आडनाव नव्हे. खरं आडनाव गॅरेजच्या पाटीवर होतं, पण तिच्यावर इतकं ऑइल उडालेलं होतं की ते फक्त त्यांनाच वाचता येई. गाडीच्या कंबरेखालची सगळी दुखणी त्यांच्याकडे येत. वाकलेले पाटे, बसलेल्या स्प्रिंगा, रडणारे शॉकअप. हात उत्तम होता. अडचण अशी की त्या हातावर त्यांचा स्वतःचाच विश्वास नव्हता. काम संपलं, गिऱ्हाईक गाडीत बसलं, गाडी सुरू झाली, की हे काचेवर टकटक करत. "थांबा हं, एकदा परत बघतो." मग पुन्हा गाडीखाली. एक डॉक्टर घरी पोहोचून चपला काढत होते, तर फाटकात हे पाना घेऊन हजर. "डॉक्टर, मागचा उजवा नट. एकदा परत बघतो." डॉक्टरांनीच पुढे हे आडनाव गावभर केलं.

घरीही तोच प्रकार. गॅस बंद केला का, कडी लावली का, नळ टपकतोय का. "माझ्याशी लग्न लागलंय ना तुमचं," बायको विचारी, "की तेही एकदा परत बघायचंय?"

या काळजीखोर माणसाला एकच लेक. लहानपणी ती रांगत रांगत ट्रकच्या खाली शिरायची आणि दुसऱ्या बाजूने काळी कुळकुळीत होऊन बाहेर यायची, म्हणून तिचं नाव मुंगी पडलं. मुंगी बापावर गेली नव्हती, हे सगळ्यांच्या दृष्टीने बरंच झालं. सासरी जाऊन महिना झाला नाही तोवर तिने सासऱ्यांच्या धंद्यात हात घातला. व्याह्यांचा धंदा कोंबड्यांच्या खाद्याचा. कुठल्या शेडला किती पोती टाकायची, कुणाच्या कोंबड्या अंडी देतात आणि कुणाच्या नुसत्याच खातात, सगळं तिच्या डोक्यात असे. नवरा दूरच्या कारखान्यात, रविवारी येणारा. त्यामुळे आठवडाभर व्याह्यांच्या पिकपमध्ये शेजारच्या सीटवर मुंगी. परतबघ्यांच्या काळजीचं मुक्कामाचं ठिकाण म्हणजे ती सीट.

आणि एके सकाळी तीच पिकप गॅरेजसमोर येऊन उभी राहिली. मुंगी बरोबर नव्हती. मागच्या हौद्यात चार नवे कोरे टायर होते. एकेक एवढा, की आत पाणी भरलं असतं तर लहान मूल पोहायला शिकलं असतं.

"व्याहीबुवा, उचला!" व्याही म्हणाले.

परतबघ्यांनी घाईघाईने त्यांच्या हातातली पिशवी उचलली.

"पिशवी नव्हे हो! गाडी उचला. हे टायर बसले पाहिजेत. चांगली चार इंच उचला!"

"चार?" परतबघ्यांनी पिशवी खाली ठेवली. "आहे ती उंची काय वाईट आहे?"

"काय वाईट आहे? अहो, पलीकडचा खाद्यवाला परवा सिग्नलला माझ्या शेजारी येऊन थांबला. त्याने उचलून घेतलीय त्याची. काच खाली केली आणि म्हणतो, 'काय शेठ, बरं आहे ना?' वरून! वरून म्हणाला! माझ्याकडे आजवर कुणी वरून बघितलेलं नाही. माझ्या बापाला स्टूल लागायचं त्यासाठी!"

"तरी पण चार म्हणजे जरा..."

"जरा काय? कमी पडतील? मग पाच करा!"

"नाही नाही नाही," परतबघे म्हणाले, "चार पुष्कळ झाले."

झालं. तोंडातून शब्द गेला. व्याही खूश होऊन त्यांच्या पाठीवर थाप मारून निघून गेले. परतबघे दोन पावलं पुढे जाऊन थांबले आणि मग गाडीकडे वळून बघत राहिले.

त्यांना ती पिकप उभी दिसतच नव्हती, आडवी दिसत होती. हौद्यात खाद्याची पोती छातीएवढी रचलेली, आधीच वरजड झालेली गाडी, त्यात चार इंचांची भर, त्यात व्याह्यांचं चालवणं. व्याही गाडी चालवत ती बोलल्यासारखी. सगळं मोठ्याने आणि समोरच्याचं न ऐकता. आणि त्या सगळ्याच्या शेजारी, खिडकीशी, मुंगी.

दुपारी जेवताना त्यांनी सगळं बायकोला सांगितलं.

"सरळ सांगा ना, चार जमणार नाहीत," बायको म्हणाली.

"कसं सांगू? आपली मुलगी त्यांच्या घरात आहे."

"मुलगी त्यांच्या गाडीतसुद्धा आहे."

इकडे आड तिकडे विहीर म्हणतात ती अशी. नाही म्हणावं तर व्याही दुखावणार, आणि व्याही दुखावले म्हणजे घरातली भांडीसुद्धा दबकून वाजणार. त्यात मुंगीला राहायचं. हो म्हणावं तर तिला त्या उंच डगमगत्या गाडीत बसायचं. परतबघ्यांनी पोळीचा तोच तुकडा भाजीत तीनदा बुडवला आणि शेवटी ताटातच ठेवला.

"मी दोनच उचलतो," ते हळूच म्हणाले.

"आणि सांगणार किती?"

"चार."

बायकोने हातातला डाव खाली ठेवला. या माणसाने आजवर कुणाला खोटं सांगितलेलं नव्हतं. धैर्यच नव्हतं तेवढं.

"टायर मोठे आहेत ना," ते स्वतःलाच पटवत होते, "त्यानेच गाडी उंच दिसेल. व्याही काही पट्टी घेऊन बसणार नाहीत."

काम त्यांनी जीव ओतून केलं. मागे एक्सल आणि स्प्रिंगच्या पाट्यांच्या मध्ये जाड लोखंडी ठोकळे घातले, ते आवळायला लांब यू-बोल्ट लावले. पुढे उंच स्प्रिंगा बसवल्या. ब्रेकचा पाइप ताणला जातोय अशी शंका आली, म्हणून तो बदलून लांब टाकला. गाडी उचलल्यावर दिवे समोरच्याच्या डोळ्यात जातात, म्हणून तेही खाली झुकवले. प्रत्येक नट आवळला, परत बघितला, चहा पिऊन आले आणि चहाच्या आधी नीट बघितला होता की नाही हे आठवेना म्हणून पुन्हा बघितला.

मग टायर चढवले आणि स्टेअरिंग पूर्ण फिरवून पाहिलं. कर्रर्र! टायर मडगार्डला घासला. दुसऱ्या बाजूला फिरवलं, तिकडेही कर्रर्र. चार इंच उचलली असती तर टायरला जागा झाली असती. दोनात ती होत नव्हती.

परतबघे स्टुलावर बसून विचार करू लागले, आणि त्यांना उपाय सुचला. पुढच्या चाकांपाशी दोन्हीकडे एकेक बोल्ट असतो. चाक कुठवर वळायचं ते तो ठरवतो. तो फिरवून थोडा बाहेर घेतला की चाक त्याला आधीच अडतं. परतबघ्यांनी दोन्ही बोल्ट तसे बाहेर घेऊन घट्ट आवळले. आता स्टेअरिंग शेवटपर्यंत फिरवलं तरी टायर मडगार्डच्या अलीकडे बोटभर थांबत होता. आवाज नाही, घासणं नाही. कित्येक दिवसांत पहिल्यांदाच ते स्वतःवर खूश झाले. त्या खुशीत त्यांनी सगळं पुन्हा बघितलं. एक रस्ता तेवढा बघितला नाही, कारण रस्ता काही गॅरेजात येत नाही.

गाडी न्यायला व्याही आणि मुंगी बसने आले. व्याह्यांनी हातातला डबा मुंगीच्या हाती दिला, दांडा धरून स्वतःला वर ओढलं आणि सीटवर बसून आजूबाजूला पाहिलं.

"वा! वा वा वा! व्याहीबुवा, तुमच्या पत्र्यावरचा गंज दिसतो हो इथून!"

"असेल, असेल," परतबघे म्हणाले. तळहाताला घाम सुटला होता, तो ते पुसायच्या फडक्याला पुसत होते आणि हात अधिकच काळे होत होते.

मुंगीने मान तिरपी करून गाडीकडे पाहिलं. "चार का, बाबा?"

"चार."

"दिसत नाहीत."

"ते... भरल्यावर दिसतील."

भरल्यावर गाडी खाली बसते, वर जात नाही, हे मुंगीला रांगायच्या वयापासून माहीत होतं. ती मागच्या चाकाशी वाकून ठोकळ्याकडे बघायला लागली, तेवढ्यात सासऱ्यांनी असा हॉर्न दिला की समोरच्या शिंप्याच्या मशीनवर सुई मोडली.

"आले, अप्पा!" ती चढली. व्याह्यांनी कोपऱ्यावरच्या गोदामातून पोती भरून घेतली आणि पिकप डोंगराच्या दिशेने निघून गेली. व्याह्यांचं गाव डोंगर ओलांडून पलीकडे.

परतबघ्यांनी सुस्कारा सोडला. बायको डबा घेऊन आली होती, तिला म्हणाले, "बघ, झालं की नाही? उगीच आपण काळजी करतो." असं म्हणून ते स्कूटर सावलीत लावायला गेले. जागा अरुंद, म्हणून हँडल पूर्ण वळवलं, आणि तसेच थिजले.

"काय झालं?"

"कोपरवळण," परतबघे म्हणाले. हँडल अजून वळलेलंच होतं.

डोंगराच्या पलीकडच्या उतारावर ते वळण होतं. रस्ता हाताच्या कोपरासारखा मुडपून उलटा खाली जाई. बाहेरच्या अंगाला गुडघ्याएवढा कठडा आणि कठड्यापलीकडे नुसती हवा. पिकप तिथे पूर्ण स्टेअरिंग मारून जेमतेम एका दमात वळायची. आता पूर्ण स्टेअरिंग म्हणजे पूर्ण राहिलंच नव्हतं. ती वळणार नव्हती. तोंड कठड्याकडे करून उतारावर थांबणार होती. तिथून मागे घ्यायची म्हणजे ब्रेकवरचा पाय काढायचा, आणि पाय काढला की भरलेली गाडी आधी पुढे सरकणार. पुढे हवा. शेजारी मुंगी.

व्याही गाडी चालवताना फोन घेत नसत. मुंगीचा फोन डोंगरात लागत नव्हता. परतबघ्यांनी पाना खिशात कोंबला, स्कूटर वळवली, मग थांबून टायरवर अंगठा दाबून हवा बघितली.

"अहो, निघा!"

त्यांनी ब्रेक दाबून बघितला.

"निघा म्हणते ना! त्या स्कूटरला काय होतंय!"

स्कूटरला खरंच काही झालं नाही. जे व्हायचं ते परतबघ्यांना होत होतं. चढावर स्कूटर बैलगाडीच्या चालीने चालली होती आणि ते पुढे वाकून तिला मनाने ढकलत होते. ठोकळे निसटले तर? नाही, ठोकळे पक्के आहेत. ब्रेकचा पाइप? नवा आहे. मग त्यांना आपलीच लाज वाटली. सगळं पक्कं होतं. जे बिघडवलं होतं ते त्यांनी मुद्दाम, विचार करून, स्टुलावर बसून बिघडवलं होतं.

माथ्यावर पोहोचले तेव्हा रस्त्यावर पिवळट दाणे सांडलेले दिसले. कोंबड्यांचं खाद्य. आधी चिमूटभर, मग मूठभर, मग सरळ एक रेघच, उतारावर खाली जाणारी. रेघ कुठे कठड्याकडे वळतेय का, एवढंच ते बघत होते.

कोपरवळणाच्या वर एक बस थांबली होती. तिच्यामागे दोन मोटारी. माणसं खाली उतरलेली. परतबघ्यांनी स्कूटर टाकली, उभी केली नाही, टाकली, आणि धावले.

पिकप होती. उभी होती. तोंड कठड्याला इतकं लागून की मध्ये पुस्तक बसलं असतं, पण जाडं नाही. हौद्यातल्या एका फाटक्या पोत्यातून खाद्य गळत होतं. पुढच्या दोन्ही चाकांखाली मुंगीने मोठाले दगड लावले होते आणि ती बाजूला उभी राहून सासऱ्यांशी बोलत होती.

"अप्पा, हँडब्रेक ओढलाय ना? आता उतरा."

"मी उतरलो तर गाडी जाईल," व्याही म्हणाले. तो आवाज परतबघ्यांनी आधी कधीच ऐकला नव्हता. लहान होता. दोन्ही पाय ब्रेकवर, दोन्ही हात स्टेअरिंगवर, कपाळावर घाम. "ती वळेचना गं. मी पूर्ण मारलं. एकदा मागे घ्यायला गेलो तर पुढेच सरकली."

"मामा, आज निघणार का?" बसच्या ड्रायव्हरने वरून विचारलं. खरंच वरून, बस उंच होती. व्याह्यांनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

मुंगीला बाप दिसला. त्याच्या चेहऱ्याकडे बघून, मग पुढच्या चाकाकडे बघून, ती हळू आवाजात म्हणाली, "बाबा. बोल्ट बाहेर घेतलेत?"

परतबघ्यांनी मान हलवली.

"पाना द्या. मी जाते खाली."

"तू नाही," परतबघे म्हणाले. आयुष्यात त्यांनी कुणाला इतक्या ठामपणे 'नाही' म्हटलेलं नव्हतं. त्यांचं त्यांनाच ते अनोळखी वाटलं. मग ते उतारावर, भरलेल्या गाडीच्या पुढच्या चाकाआड, डांबरावर पालथे झाले.

खाली ऊन नव्हतं. गरम लोखंडाचा वास येत होता. कानाशी एक दगड होता आणि त्या दगडावर सगळी गाडी. दगड किंचित कुरकुरला. अंधारात पाना बोल्टच्या डोक्यावर बसेना. बसला तर फिरेना. आपणच तो इतका घट्ट आवळला होता. 'मूर्खा,' ते स्वतःला म्हणाले, 'कशाला इतका घट्ट?' वरून व्याह्यांचं पुटपुटणं ऐकू येत होतं. ते बहुधा देवाशी बोलत होते आणि चक्क त्याचं ऐकूनही घेत होते. बोल्ट सुटला. पुरता आत गेला. परतबघे सरपटत दुसऱ्या बाजूला गेले आणि तोही आत घातला. परत बघायला थांबले नाहीत.

"अप्पा, आता मागे घ्या," मुंगी म्हणाली. "दगड आहेत, गाडी पुढे जाणार नाही. क्लच हळू. मी सांगते. या. या. अजून या. बस!"

पिकप गुरगुरत मागे आली. मुंगीने दगड ओढून बाजूला केले. व्याह्यांनी स्टेअरिंग शेवटपर्यंत मारलं आणि गाडी वळायला लागली. कर्रर्रर्र! सगळं वळणभर टायर मडगार्डला घासत होता. बसमधल्या बायकांनी कान झाकले.

खाली जिथे रस्ता रुंद होतो तिथे व्याह्यांनी गाडी थांबवली आणि उतरले. परतबघे मागून स्कूटरवर आले. तोंडाला डांबर लागलेलं होतं.

"तो आवाज कसला?" व्याह्यांनी विचारलं.

परतबघ्यांनी स्कूटर नीट स्टँडवर लावली. "न उचललेल्या दोन इंचांचा."

व्याह्यांना ते कळायला वेळ लागला. "चार सांगितले होते मी."

"हो."

"चार म्हणालात तुम्ही."

"हो. चुकलं माझं."

"का पण?"

"मुंगी बसते त्यात."

व्याह्यांनी घासलेल्या मडगार्डवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "मीही बसतो."

"तुम्हाला काय होतंय हो," परतबघे बोलून गेले, "तुम्ही भक्कम आहात!"

मुंगीने ओठ घट्ट मिटून डोंगराकडे पाहिलं. तिचे खांदे हलत होते. व्याह्यांनी मात्र दार उघडलं, वर चढले आणि गाडी सुरू केली. मुंगी बापाच्या खांद्याला हात लावून गेली. "घरी जा, बाबा. तोंड धुवा. मी पोहोचले की फोन करते."

तिने फोन केला. परतबघ्यांनी तो उचलल्यावर ती खरंच घरात आहे ना, हे विहीणबाईंना विचारून घेतलं.

पुढच्या आठवड्यात व्याह्यांनी पिकप दुसऱ्या गॅरेजात नेली आणि चार इंच पूर्ण करून घेतले. शेजारची सीट रिकामी ठेवून मुंगी आता शेडवर बसने जाते.